बंद गाडीचा श्वास

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पायऱ्यांवर माणसं, गच्च्यांवर माणसं, खिडक्यांतून लोंबकळणारी माणसं, आणि सगळ्यांच्या मधोमध आमची पांढरी गाडी. इंजिन सुरू, चारही काचा बंद. आत आम्ही चौघं होतो. स्टिअरिंगवर माझा दीर, त्याच्या शेजारी श्वासबाबा, मागे माझी सासू आणि मी.

"काट्याकडे बघा!" बाबा गरजला. तापमानाचा काटा लाल रेषेला टेकायच्या बेतात होता. "तुमचा मुलगा आत उकळतोय, माउली! तीन महिने झाले, त्याला वाट सापडेना. ऊर्ध्वश्वास अडला, अधःश्वास अडला, आता उरला फक्त बॉनेटश्वास!"

बॉनेटश्वास कुठल्या ग्रंथात लिहिलाय हे विचारायची कुणाची टाप नव्हती. माझीही नव्हती. मी घाबरले होते. हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं, म्हणजे पुढे मी शहाणपणा शिकवायला लागले की तुम्हाला त्याची आठवण राहील.

बाबाने डावा हात वर केला. उजवा शालीखालीच होता. त्याने तीनदा हुंकार भरला आणि समोरच्या जाळीतून गरम हवा यायला लागली. आधी झुळूक, मग झोत. तोंडावर, गळ्यावर, गुडघ्यांवर. तिला जळक्या धुळीचा वास होता. सासूची नखं माझ्या मनगटात रुतली.

"आला! ओळखा माउली, कुणाचा श्वास आहे हा?"

"माझ्या सोन्याचा," सासू हुंदके देत म्हणाली. "किती तापलाय गं तो. किती तापलाय."

आणि काटा खाली यायला लागला. दीर ओरडला, "उतरला! काटा उतरला!" तसा बाहेरच्या गर्दीने एकच गलका केला. कोण हात जोडतंय, कोण बॉनेटला डोकं टेकवतंय आणि चटका बसला म्हणून मागे सरतंय.

माझा ह्यावर विश्वास नव्हता. पण नवरा जाऊन तीन महिने झालेत आणि कुणीतरी सांगतंय की ही त्याची फुंकर आहे, तर तोंड फिरवणं सोपं नसतं. मी नाही फिरवलं.

उतरताना मात्र माझी नजर बाबाच्या गुडघ्याजवळच्या एका गोल खुंटीवर गेली. तिच्या एका बाजूला निळी रेघ, दुसऱ्या बाजूला लाल. खुंटीचं टोक पार लाल बाजूला फिरलेलं होतं. अकरा वर्षं मी त्या गाडीत बसत होते, माझ्या नवऱ्याने ती कधी फिरवल्याचं मला आठवेना. मी ते पाहिलं आणि घरात गेले.

माझा नवरा स्वतःची गाडी भाड्याने चालवायचा. एका दुपारी दारात गाडी लावली आणि सीटवरच त्याचं हृदय थांबलं. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते, मला कळलंही नाही. तेराव्या मिनिटाला शेजारीण ओरडली तेव्हा कळलं.

दोन आठवड्यांनी गाडी धाकट्या दिराने हातात घेतली. घ्यावीच लागली, कारण सासूची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली आहेत. आठवड्यातून तीनदा तिला चढावरच्या हॉस्पिटलात नेऊन मशीनवर रक्त शुद्ध करून आणावं लागतं. डायलिसिसची एक पाळी चुकली की अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, आणि मग छाती भरते.

तिसऱ्या आठवड्यात ते सुरू झालं. दीर हॉस्पिटलातून आला, त्याने गाडी बंद केली, सासूला हात धरून उतरवलं. आम्ही दारात पोचतोय तोच मागून बॉनेटखालून आवाज आला. घुर्रर्र. लांब, खोल, दम लागलेल्या माणसासारखा. मिनिटभर चालला आणि थांबला. मग पुन्हा.

"वहिनी," दीर म्हणाला, त्याचे ओठ पांढरे पडले होते, "किल्ली माझ्या हातात आहे."

त्यानंतर रोज तेच. रोज त्याच जागी, जिथे माझा नवरा गेला. गल्लीतली पोरं त्या बाजूला फिरकेनाशी झाली. एकदा मी जीव मुठीत धरून बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होतं आणि थरथरत होतं. मी पळत आत गेले आणि कडी लावली. भर दुपारी.

अशा वेळी बाबा बोलवावा लागत नाही, त्याला वास येतो. श्वासबाबा कुणाच्या तरी मेहुण्याबरोबर आला. गाडी नुकतीच येऊन उभी होती, श्वास चालू होता. त्याने बॉनेट उघडायला लावलं, डोक्यावरून काळं कापड घेतलं आणि इंजिनावर ओणवा होऊन पुटपुटायला लागला. आणि तो घुरघुराट मध्येच कापल्यासारखा तुटला. बाबा बाहेर आला तेव्हा घामाने निथळत होता, मूठ घट्ट मिटलेली.

"बांधला!"

मुठीतलं जे काही होतं ते त्याने त्याच काळ्या कापडाच्या तुकड्यात शिवलं आणि सासूच्या गळ्यात ताईत म्हणून बांधलं. "ह्यात तुमच्या लेकाचा श्वास आहे, माउली. उघडलात तर तो सुटेल, आणि जाताना तुम्हाला घेऊन जाईल. आणि ह्या गाडीशिवाय दुसऱ्या गाडीत पाय ठेवायचा नाही. धागा तुटेल."

त्या दिवसापासून गाडीचा श्वास थांबला. आणि त्याच दिवसापासून गाडी चढावर उकळायला लागली. ह्या दोन गोष्टी आमच्यापैकी कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. बाबाकडे उत्तर तयार होतं. बांधल्यावर तो रागावणारच, म्हणून दर तिसऱ्या दिवशी बंद काचांमागे त्याला मोकळं करायचं. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच. ह्या भानगडीत सासूची एक पाळी चुकली, दुसरी अर्धीच झाली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांच्या फुप्फुसात पाणी उतरायला लागलंय. आता एक पाळी चुकली तरी मी खात्री देणार नाही."

आणि बाबाने त्याच आठवड्यात नवा आदेश काढला. गाडी वर्षभर त्याच्या आश्रमात ठेवायची. दिराने मान डोलावली. शुक्रवारची पाळी झाली की संध्याकाळी गाडी सोपवायची असं ठरलं.

त्या शुक्रवारी मी कामावर रजा टाकली आणि पुढच्या सीटवर बसले. मी शीतगृहाच्या मशीनघरात काम करते. दर तासाला प्रत्येक खोलीचं तापमान वहीत उतरवायचं, मशीन बंद पडलं की मिस्त्रींना हाक मारायची. आमचे मिस्त्री पहिल्या दिवशीच म्हणाले होते, "बाई, थंडी कुणी बनवत नसतं. इथली उष्णता उचलायची आणि बाहेर टाकायची, एवढाच आपला धंदा." सात वर्षं मी हे वाक्य नव्या माणसांना ऐकवतेय. घरच्या गाडीपाशी आले की तेवढंच विसरत होते.

चढ सुरू झाला. पुढे वाहनांची रांग होती, गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मागे सासू उशीला टेकून बसली होती, तिचा श्वास वरच्या वर चालला होता. प्रत्येक श्वासाला बारीक शीळ वाजायची. काटा अर्ध्यावर गेला. मग अर्ध्याच्या वर.

"वहिनी, चढतोय," दीर म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "बाबाही नाहीत आज."

मला बाबाने लाल बाजूला फिरवलेली खुंटी आठवली. माझा हात त्या खुंटीकडे गेला. मंत्र येत नव्हता, हुंकारही भरता येत नव्हता. मी खुंटी लाल बाजूला फिरवली आणि शेजारचं पंख्याचं बटण दाबलं.

गरम हवा आली. तोच झोत, तोच जळक्या धुळीचा वास. आणि काटा जरासा खाली आला.

"कोण... कोण सोडतंय त्याला?" सासूने विचारलं.

"मी," मी म्हणाले. "आई, हा हीटर आहे. इंजिनाची उष्णता उचलून आपल्या तोंडावर टाकतो. म्हणून इंजिन जरा निवतं." बोलता बोलता मलाच ते ऐकू आलं, मिस्त्रींच्या आवाजात.

पण नुसत्या हीटरने अख्खा चढ निघणार नव्हता. रांग थांबली ती थांबलीच. काटा पुन्हा वर सरकला, लाल रेषेवर गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ उसळली. दिराने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि फडकं घेऊन उडी मारली. मी मागोमाग उतरले. त्याने बॉनेट उघडलं आणि फडकं थेट रेडिएटरच्या झाकणावर टाकलं.

"भाऊजी, थांबा!"

"बाबांनी सांगितलंय, वाटेत उकळला तर झाकण उघडून मोकळा करायचा."

"आत दाब आहे! भाऊजी, हात काढा!"

तो ऐकायच्या पलीकडे गेला होता. डोळे विस्फारलेले, दात आवळलेले. त्याने झाकण पाव वळसा फिरवलं आणि कडेने फस्सकन वाफेची धार सुटली. मी त्याचा सदरा मागून धरून ओढला, दोघंही रस्त्यावर आपटलो. तो होता त्या जागेवरून उकळतं पाणी उडून बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर आदळलं. त्याच्या मनगटावर दोनच थेंब पडले. तेवढ्यावर रुपयाएवढे फोड आले. जरा वाकून उभा असता तर चेहरा गेला असता. तो रस्त्यातच बसून लहान मुलासारखा रडायला लागला.

"दादा खूप रागावलाय, वहिनी."

मला भीतीपेक्षा आता संताप आला होता. नवऱ्यावर नाही, स्वतःवर. आमच्या मशीनघरात बाहेरचा पंखा बंद पडला की दहा मिनिटांत दाब चढतो आणि मशीन तापून बसतं. मग आम्ही काय करतो? अंगात आलं म्हणून नाचतो का? पंखा का फिरत नाही ते बघतो.

मी रेडिएटरमागे पाहिलं. पंखा होता, निश्चल. इंजिन एवढं उकळलेलं आणि पंखा गप्प. त्याच्या वायरीवरून नजर नेत बॅटरीजवळच्या काळ्या डब्यापाशी आले. फ्यूजचा डबा. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला होता, एका चौकोनावर पंख्याचं चित्र. मी ती जागा शोधली. बाकी सगळ्या घरांत काही ना काही बसवलेलं होतं. ते घर रिकामं होतं. नुसत्या चार फटी.

चार फटी म्हणजे रिले. आमच्या पॅनलमध्ये असे वीसेक आहेत. काड्यापेटीच्या अर्ध्याएवढा काळा ठोकळा, खाली चार चपटे पाय. तापमान वाढलं की तो टक करून वीज जोडतो आणि पंखा फिरतो.

आणि मग मला आठवलं. रोज सकाळी मी सासूचं अंग पुसून देते. गळ्यातला तो ताईत बाजूला सरकवताना कापडाच्या आत काहीतरी बोटांना टोचायचं. चौकोनी होतं. खाली चार बोथट टोकं.

मी मागचं दार उघडून तिच्याजवळ बसले. "आई, तो ताईत मला द्या."

तिने दोन्ही हातांनी तो छातीशी धरला. "नाही."

"आई, त्यात गाडीचा एक भाग आहे. बाबाने काढून घेतला. तो नाही म्हणून गाडी तापते. मी दुसरी गाडी थांबवते, निदान त्यात तरी बसा."

"नाही बसणार. आणि हा उघडू नकोस." प्रत्येक शब्दाला तिला थांबावं लागत होतं. "माझा लेक आहे त्यात."

"आई, तो माझा नवरा होता."

"मग तुला कळायला हवं." तिने डोळे मिटले, पुन्हा उघडले. "तू म्हणतेस हा गाडीचाच आवाज. मग तो होता तेव्हा का नाही कधी आला? अकरा वर्षं... का नाही आला?"

प्रश्न बिनतोड होता. तिच्या छातीतली शीळ ऐकत होते आणि वाटत होतं, हिला उत्तर दिलं नाही तर ही माझ्या हातात जाईल. मग दिराकडे लक्ष गेलं. गाडी थांबली की हा पठ्ठ्या चाक थांबायच्या आत किल्ली फिरवतो, पेट्रोल वाचवायला. आणि माझा नवरा?

"आई, ते आले की लगेच घरात यायचे का?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"गाडी चालूच ठेवून मिनिटभर आत बसायचे. मी ओरडायचे, जेवण निवतंय, तिथे काय बसलात. आणि ते म्हणायचे..."

"गाडीला दम खाऊ दे," सासू म्हणाली. "मला खिडकीतून दिसायचा तो."

"त्या मिनिटात हा पंखा फिरायचा, आई. इंजिनाच्या आवाजात आपल्याला ऐकू यायचा नाही. इंजिन निवलं की मगच ते बंद करायचे. भाऊजी तापलेलीच बंद करतात. मग उरलेली उष्णता बाहेर टाकायला पंखा नंतर एकटा फिरतो. बॅटरीवर चालतो तो, किल्ली लागत नाही त्याला."

एक मालमोटार आम्हाला ओलांडून गेली. मग तिने मान थोडी खाली केली, गाठ सुटायला सोपं जावं म्हणून.

गाठ मी सोडली, पण शिवण तिने स्वतः दातांनी तोडली. काळा ठोकळा तिच्या तळहातावर पडला. त्यावर बारीक अक्षरांत आकडे छापलेले होते आणि कडेला कारखान्याचा छाप. सासूने तो उलटासुलटा करून पाहिला, पुढे काही होतं का म्हणून क्षणभर वाट पाहिली आणि माझ्या हातात ठेवला.

मी तो रिकाम्या घरात दाबून बसवला. टक! आणि बंद गाडीत, किल्लीशिवाय, पंखा घुर्रर्र करत फिरायला लागला. दीर दचकून उभा राहिला. मग त्याने वाकून पाहिलं, पाती फिरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, आणि शिवी हासडली. बाबाला.

अर्धा तास आम्ही हात बांधून थांबलो. इंजिन हाताला सोसवेल इतकं निवल्यावर फडक्याने झाकण उघडलं, पाणी भरलं, गाडी सुरू केली. रांगेत काटा निम्म्यावर गेला, पंखा लागला, काटा तिथेच थांबला. हॉस्पिटलात आम्ही तास उशिरा पोचलो. मशीनवरच्या मुलीने सासूचे पाय पाहिले आणि लगेच तिला आत घेतलं. चार तास मी बाहेरच्या बाकावर बसून होते. मशीनचा आवाज थांबला की माझं काळीज थांबायचं.

संध्याकाळी गल्लीत गर्दी तयारच होती. गाडी आश्रमात निघणार म्हणून बाबा दोन चेल्यांसह हजर. दिराने गाडी लावली आणि मी सांगितल्याप्रमाणे तापलेलीच बंद केली. दोन मिनिटं गेली. घुर्रर्र!

बायका किंचाळून मागे सरल्या. बाबाला तर आनंदाचं भरतं आलं. "सुटला! ताईत उघडलात! मी बजावलं होतं! आता तो माउलीला घेऊन..."

मागचं दार उघडलं आणि माउली स्वतःच्या पायांनी खाली उतरली.

मी बॉनेट उघडलं, ठोकळा उपसला. श्वास बंद. बसवला. श्वास सुरू. पुन्हा उपसला आणि समोरच्या इस्त्रीवालीच्या हातात दिला. तिने घाबरत घाबरत बसवला, पंखा फिरला, आणि ती अशी काही हसली की मागे चार जणी रांगेत उभ्या राहिल्या.

"यंत्र हे निमित्त आहे, बाई," बाबा शाल सावरत म्हणाला. "शक्ती वेगळी. तो गरम श्वास तर सगळ्यांनी अनुभवलाय!"

"मग आत्ता आणा," मी म्हणाले. "गाडी सुरू करून देते. पुढे बसा, फक्त दोन्ही हात शालीबाहेर आणि डोक्याच्या वर ठेवा."

बाबाने हात वर केले नाहीत. मग इस्त्रीवाली आत बसली, मी दाखवलेली खुंटी तिने फिरवली आणि खिडकीतून ओरडली, "अगं बाई, माझ्यातही शक्ती आली!"

बाबा चेल्यांकडे वळला तेव्हा सासू त्याच्यासमोर उभी होती. ओरडायला तिच्यात ताकद नव्हती, ती हळूच बोलली, पण तिला ऐकायला सगळे थांबले.

"माझ्याच गळ्यात माझं मरण बांधलंस की रे," ती म्हणाली. "आणि मी त्याला लेक म्हणून कुरवाळत होते."

लोकांनी बाबाला जायला वाट दिली, मारलं नाही. मी मारू दिलं नसतं. पण पोलिसात तक्रार केली, आणि दिराने मनगटावरचे फोड दाखवून जबाब लिहून दिला.

आता मला जे सांगायचंय ते. माझी भीती गेली, आणि भीतीबरोबर माझा नवराही गेला, ह्या वेळी कायमचा. गाडीत तो नाही, हे कळल्यावर मी त्या रात्री पहिल्यांदा पोटभर रडले. खरं कळणं नेहमी सुखाचं असतं असं मी म्हणणार नाही. पण खोट्यापायी आम्ही जिवंत माणूस घालवायला निघालो होतो, गेलेल्याच्या नावाने.

तुम्हीही घाबराल, कुणीही घाबरतं. घाबरलात तर लाजू नका. फक्त त्या वेळी एवढं विचारा की कालपर्यंत हे का होत नव्हतं, आणि मधल्या काळात कुणी कशाला हात लावला. गाडी तापली तर कडेला घ्या, बंद करा, निवू द्या, तोवर झाकणाला हात लावू नका आणि मेकॅनिककडे न्या. माणसाची छाती भरली तर डॉक्टरकडे न्या, मिळेल त्या गाडीने. सासूची पुढची पाळी उद्या सकाळी नऊला आहे. आम्ही आठला निघू.